सुट्टीच्या मापाचा गेम

गेम जेवढा लांब तेवढे पैसे वसूल, असं ज्यानं कुणी ठरवलं त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवावा म्हणते मी. चहा देईन, पोहे देईन, आन् मग इचारीन, बाबा, पैसे वसूल झाले ते झाले, पण येळ कुणाचा गेला?

तुमी म्हणाल, म्हशी राखणारी बाई, हिला गेममधलं काय कळतंय. कळतंय चांगलं. फौजीची बायको हाय मी, पंधरा वर्सं झाली. कुणाचा फौजी सुट्टीत शेतात राबतो, कुणाचा पारावर बसून फुशारक्या मारतो. आमचे मालक गेम खेळत्यात. नाव विश्वजीत. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत न्हाई आमच्यात, पण 'हे' आन् 'ते' करत बसले तर तुमीच गोंधळाल, म्हणून सांगण्यापुरतं घेते. आता हवालदार हायत, पण साधे शिपाई व्हते तवापासनं नाद हाय. युनिटात कुणाकडनं तरी शिकले आन् एका सुट्टीत साताऱ्यातनं टीव्हीला जोडायचा जुना डबा घेऊन आले. माझ्या सासूबाई, शालूबाई, त्यांनी त्या डब्याला पयल्या दिवशी हळदकुंकू लावलं. यंत्र हाय, म्हणाल्या, लावलेलं बरं.

नव्या डिस्का लय महाग. म्हणून साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळात सुमंतचं दुकान हाय, तिथनं आणायच्या. जुनी डिस्क घ्यायची, खेळून संपवायची, परत नेऊन दिली की निम्मे पैसे माघारी. ह्याला सुमंत 'फिरती' म्हणतो. फिरती परवडायची तर गेम सुट्टीत संपायला पायजे, न्हाईतर डिस्क घरात पडून ऱ्हाणार आन् पैसे बी. म्हणून दुकानात फौजी शिरला की सुमंतचा पयला सवाल, "सुट्टी किती?" शिंप्यानं छातीचं माप घ्यावं तसा इचारतो. महिना म्हणलं की बारा-पंधरा तासांचा गेम काढायचा. पंधरवडा म्हणलं की त्याच्या निम्म्याचा. "घरात लग्न आहे का? तोड आलीय का उसाला?" हे बी इचारायचा आन् त्या मानानं हात खालच्या फळीवर न्यायचा. सुमंत शहरातला माणूस, बोलणं पुस्तकातलं, पण त्याचं माप कवा चुकलं न्हाई. जायच्या आदल्या दिवशी गेम संपायचा. मग डिस्क माघारी सुमंतकडं आन् मालक माघारी युनिटात.

गाव बी तसंच. आमच्याकडं घराघरात एक तरी फौजी, त्यामुळं इचारायची पद्धत ठरून गेलीया. समोर दिसला की एका दमात दोन सवाल, "कवा आला? जाणार कवा?" मधी श्वास बी घेत न्हाईत. माझं माहेर कवठे महांकाळचं, तिथं बी फौजी हायत, पण तिथले लोक निदान पाणी पिऊस्तवर थांबत्यात. लगीन होऊन आले तवा मला ह्याचा लय राग यायचा. माणूस आत्ता उंबऱ्यात आलाय आन् तुमी त्याला वाटंला लावताय. पुढं पुढं मीच तसं इचाराय लागले. फोनवर सुट्टी मिळाली म्हणले की माझ्या तोंडातनं आधी निघायचं, "आन् जाणार कवा?"

ह्या दिवाळीनंतरची सुट्टी मात्र येगळी व्हती. जानेवारीत विश्वजीतची नोकरी भरत व्हती. भरली की पेन्शन घेऊन घरी यायचं, न्हाईतर दोन वर्सं वाढवून घ्यायची. वाढवायची का न्हाई हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं. फोनवर मी चारदा इचारलं. चारी टायमाला एकच उत्तर, "सुट्टीत बोलू." आले, तर पयला दिवस पाहुण्यारावळ्यांत गेला, दुसरा दिराच्या शेतात गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चल, साताऱ्याला जाऊन येऊ." मला वाटलं वाटंत बोलतील. गाडीवर मागं बसून मी कान टवकारून ऐकत व्हते. त्यांनी रस्ता रुंद केलाय हे सांगितलं, पेट्रोल वाढलंय हे सांगितलं.

दुकानात सुमंतनं नेहमीसारखं इचारलं, "सुट्टी किती?"

"महिना."

सुमंत ठरलेल्या फळीकडं वळला. तर विश्वजीत म्हणाले, "ते न्हाई. लांबातला लांब काढ."

सुमंत थांबला. त्यानं आधी त्यांच्याकडं बगितलं, मग माझ्याकडं. "लांबातला म्हणजे शंभर तासांच्या पुढे जातो. महिन्यात नाही व्हायचा तुमच्याच्यानं."

"न्हाई झाला तर न्हाई झाला."

"आणि हा मी फिरता देत नाही. नेलेला माणूस वर्षभर परत आणत नाही. विकतच घ्यावा लागेल."

"इकत घेतो," विश्वजीत म्हणाले आन् पाकीट काढलं.

मी दाराशी जाऊन उभी ऱ्हाईले, बोळातली रहदारी बगायला. पंधरा वर्सांत ह्या माणसानं महिन्याच्या वरचा गेम घेतला न्हाई. आन् आज शंभर तासांचा घेतो, तो बी इकत, कायमचा. महिन्याच्या सुट्टीवर आलेला माणूस असा गेम कशाला घेईल? घरी ऱ्हाणारा घेईल. ज्याला जानेवारीच्या पुढं हक्काच्या सकाळी हायत तो घेईल. तोंडानं सांगायची लाज वाटती म्हणून असं सांगतोय, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं. माघारी येताना गाडीवर मी त्यांची थट्टा केली, "मग, तासाला किती पडलं?" कारण ह्यांना सगळ्याचा भाव तासावर काढायची खोड. जत्रंतला पाळणा सुद्धा सोडला न्हाई. ते हसले, म्हणाले, "चहापेक्षा स्वस्त."

आता माझा मूर्खपणा ऐका. घरी पोचल्यावर मी भाकरी थापता थापता सासूबाईंना सांगितलं, "आत्या, हे येणार हायत जानेवारीत. कायमचे." त्यांनी इचारलं, "तुला म्हणाला?" मी म्हणाले, "म्हणाले न्हाईत, पण मला कळलं." म्हातारीला तेवढं बास झालं. पोरगा शिपाई म्हणून गेला तवापासनं ती ह्या दिवसाची वाट बगत व्हती. तिनं तिथंच चुलीपुढं हात जोडले आन् औंधच्या यमाईला बोलून टाकलं, पोरगा घरी आला की ओटी भरायला येते. संध्याकाळी डेअरीत दूध घालायला गेले तर रांगेतल्या लीलाबाईंना आधीच ठाऊक, माझी थट्टाच कराय लागल्या. म्हणजे आत्या माझ्या आधी जाऊन आल्या व्हत्या.

रातच्याला जेवताना आत्या लेकाला म्हणाल्या, "तू आल्यावर समदी मिळून औंधला जाऊ. जानेवारीत वर बी चढवतंय, ऊन नसतं."

विश्वजीतचा घास हातात ऱ्हायला. त्यांनी एकदा माझ्याकडं बगितलं. मग म्हणाले, "बगू," आन् खाली मान घालून जेवले. मला वाटलं लाजले.

मग सुरू झाला तो गेम. त्यात एक खेचरवाला असतो. खेचरावर माल लादायचा आन् डोंगरातनं गावोगाव पोचवायचा. मधी चोर, मधी दरड, आन् शेवटी पार वरच्या गडावर त्याचा हरवलेला भाऊ. प्रत्येक गावात इहीर, इहिरीवर कुणीतरी म्हातारी नाहीतर म्हातारा, ते आपलं घरचं रडगाणं सांगणार. खेचराला पाणी दाखवायचं, चारा घालायचा, खूर बगायचे, मग पुढं. आमची पूजा नववीत हाय, ती शेजारी बसून मला इंग्रजीचं मराठी करून सांगायची. पयले काय दिवस मजा आली. संध्याकाळी दूध घालून आले की मी बी दाराला टेकून वाईच बगायची. एका म्हातारीची सून तिच्याशी बोलत नव्हती, तिचं ऐकताना तर आत्या बी जप सोडून टीव्हीकडं बगाय लागल्या.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे तोंडानं का सांगत न्हाईत? मी अंगण दोनदा झाडायची. डबे उतरवून पुसायची आन् परत चढवायची. चहा घेऊन गेले की मुद्दाम उभी ऱ्हायची. "काय म्हणत व्हता?" असं उगंच इचारायची. ते म्हणायचे, "काय न्हाई." एकदा म्हणलं, "मागच्या खोलीला खिडकी पाडून घेऊ का? तुमी घरात असलात की उजेड लागंल." तर म्हणाले, "खर्च नको आत्ता." आत्ता. ह्या 'आत्ता'वर मी दोन दिवस काढले. कवा वाटायचं, बरं बोलले, जानेवारीनंतर बगू असा अर्थ हाय. कवा वाटायचं, न्हाई, काय तरी मुरतंय.

मग एका संध्याकाळी पूजा सैपाकघरात आली. तोंड पाडून म्हणाली, "आई, मी न्हाई बसत बाबांबरोबर. ते सगळं स्किप करतायत."

"म्हंजे?"

"कुणी बोलाय लागलं की बटण दाबून पुढं. गावं आली की बाजूनं जात्यात. खेचराला चारा बी न्हाई घालत, मरायला टेकलंय ते. आई, असं खेळलं तर शंभर तासांचा गेम तीस तासांत उरकतो. मग इकत कशाला घेतला?"

मी चुलीपुढं बसले व्हते ती बसूनच ऱ्हाईले. पोरीला काय म्हणायचं व्हतं ते तिच्यापुरतं व्हतं. मला मात्र समदं उलटं दिसाय लागलं. ज्याच्याकडं जानेवारीच्या पुढं येळच येळ हाय, त्यो कशाला पळंल? जायचा दिवस ठरलेला माणूस पळतो. मी उठून बाहेरच्या खोलीच्या दारात गेले. टीव्हीत ती म्हातारी इहिरीवर आली व्हती, तीच, सुनंची. तिनं तोंड उघडलं आन् विश्वजीतनं बटण दाबलं. तिचं तोंड मिटलं, खेचर पुढं चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी येळ धरला. पूजा शाळंत, आत्या भजनाच्या बायकांकडं गेलेल्या. मी पदर खोचून टीव्हीच्या पुढंच जाऊन उभी ऱ्हाईले.

"आवं, थांबवा ते."

"वाईच थांब, चोर आल्यात."

"येऊ द्या. थांबवा म्हणते."

त्यांनी थांबवलं. चोर बी थांबले.

"एवढी घाई कशाची लागलीया? गेम कुणी काढून घेणार हाय का तुमच्याकडनं? जानेवारीपासनं येळच येळ हाय की तुमाला. का न्हाई?"

हातातलं ते बटणाचं यंत्र त्यांनी मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "निघताना सायेबांना हो म्हणून आलोय."

"कशाला हो?"

"दोन वर्सं वाढवायला. तोंडी बोललोय. गेल्यावर कागद द्यायचा."

राग यायच्या आधी मला लाज वाटली बगा. म्हातारीनं यमाईला बोललेलं, लीलाबाईंनी रांगेत केलेली थट्टा, मी मनातल्या मनात पाडलेली खिडकी. समदं मी एका डिस्केवरनं उभं केलं व्हतं. कुणी मला काय सांगितलंच नव्हतं.

"मग ह्यो लांबडा गेम कशाला घेतला?" मी म्हणाले. माझा आवाज चढला व्हता. "इकत?"

"दर टायमाला गेम संपतो आन् कळतं, उद्या गाडी. ते मला नको वाटतं. म्हटलं, ह्या टायमाला न संपणारा घ्यावा. सुट्टी लांब वाटंल."

"आन् मग पळताय कशापायी?"

"निम्मी सुट्टी गेली आन् वाटाय लागलं, शेवट बगायचा ऱ्हाईल."

असं हे शहाणपण. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. म्हणाले, "पैशासाठी हो म्हणाला असाल तर सरळ सांगा. दोन म्हशी हायत, तिसरी घेऊ. दिराकडं आपला वाटा हाय. भागतंय."

"पैशाचं न्हाई." ते टीव्हीकडं बगत व्हते. खेचर एका जागी उभं राहून शेपूट हलवत व्हतं. "खरं सांगू? भ्या वाटतंय. ह्या गेमचंच बग. पयल्यांदा लय मजा आली. नवा डोंगर, नवं गाव. मग तेच तेच सुरू झालं. पाणी दाखवा, चारा घाला, म्हातारीचं ऐका. मला कटाळा आला. मग मनात आलं, घरी बी असंच व्हणार. महिन्यापुरता मी बरा हाय, संयोगिता. मी आलो की तू पुरणपोळी करतीस, आय कौतुक करती, पूजा चिकटून बसती. रोजचा झालो की? आपल्या गावचा बिरदेव बग. सुभेदार म्हणून पेन्शनीत आला, गावानं मिरवणूक काढली. आता घरात त्याच्याशी कोण बोलत न्हाई. पारावर बसून एकच पेपर दोनदा वाचतो. लांब गेमची सुरवातच तेवढी पैसे वसूल असती."

हे ऐकलं आन् माझा तोल गेला. पंधरा वर्सांत मी त्यांना असं बोलले नव्हते.

"तुमी सुरवात तरी कुठं खेळलाय?" मी म्हणाले. "घरातलं मोठंमोठं तेवढं बगितलंय तुमी. आपलं लगीन, पूजाचं बारसं, मामंजी गेले तवाचे दिवस, तुमच्या भावाची वास्तुशांत. मधलं समदं बटण दाबून पुढं. मधलं मी एकटीनं खेळलेय. आत्यांची सकाळची गोळी रोज कोण देतंय? त्या गोळी लपवून ठेवत्यात, उशीखाली हुडकावी लागती, हे तुमाला ठाऊक तरी हाय का? थोरल्या म्हशीची कास सुजली तवा गरम पाण्यानं शेकत कोण बसलं? पूजा पयल्यांदा शाळंतनं रडत आली तवा घरात कोण व्हतं? रोज तेच. चारा घाला, पाणी दाखवा, म्हातारीचं ऐका. ज्याचं तुमास्नी भ्या वाटतंय ना, तेच करतीया मी पंधरा वर्सं. आन् मला त्याचा कटाळा न्हाई आला कवा. एकटीनं करायचा आला."

ते काय तरी बोलणार व्हते. मी बोलू दिलं न्हाई.

"मला तुमच्यासाठी पुरणपोळी करायची न्हाई. शिळी भाकरी वाढायची हाय. टावेल कुठं फेकला म्हणून रोज सकाळी वैतागायचं हाय. तुमी पेपर दोनदा वाचा, न्हाईतर चारदा वाचा, घरात बसून वाचा. मला तेच तेच पायजे. कळलं का? मला तेच पायजे."

एवढं बोलले आन् उठून गोठ्यात गेले आन् चांगली हमसून हमसून रडले. थोरल्या म्हशीनं मान वळवून एकदा बगितलं आन् परत वैरणीत तोंड घातलं.

त्या दिवसापासनं डब्यावर फडकं पडलं. गेम लागला न्हाई. आमचं बोलणं बी कामापुरतंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी धार काढून उठले तर विश्वजीत गोठ्याच्या दारात उभे. दुधाची किटली माझ्या हातातनं घेतली आन् डेअरीकडं चालाय लागले. मी मागनं. रांगेत उभे ऱ्हायले. लीलाबाई म्हणाल्या, "काय हवालदार, आज इकडं कुठं? जाणार कवा?" त्यांनी तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी परत आले. लीलाबाईंनी परत इचारलं, त्यांनी परत तीच तारीख सांगितली. असं जायच्या दिवसापर्यंत चाललं. आत्यांच्या उशीखाली हात घालून विश्वजीतना गोळी काढताना बी मी बगितलं. त्यांनी मला काय सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. आस धरायची माझी टाप नव्हती आता. एकदा धरून तोंडावर पडले व्हते.

जायच्या सकाळी आत्यांनी त्यांच्या कपाळाला अंगारा लावला. आत्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, जीभच उचलली न्हाई. "जानेवारीत ये आता," म्हणाल्या. ते पाया पडले. ह्या टायमाला 'बगू' बी म्हणाले न्हाईत.

साताऱ्याला स्टँडवर सोडायला मी गेले व्हते. गाडीला येळ व्हता म्हणून ते सुमंतच्या दुकानाकडं वळले. सवयच ती. सुमंतनं इचारलं, "संपला?"

"न्हाई."

"मग, पैसे वसूल वाटतो का?"

विश्वजीतनं त्या ठरलेल्या फळीकडं बगितलं. "आजून सांगता येत न्हाई," म्हणाले आन् पिशवी खांद्याला अडकवून बोळातनं चालाय लागले.

सुमंतला काय वाटलं कुणास ठाऊक, मला हळू म्हणाला, "वहिनी, पडून राहणार असेल तर आणून द्या. तुमच्यासाठी मी तो फिरता धरतो. निम्मे पैसे देतो."

मला एकदम फणकारा आला. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण आला. "इकत घेतलेली वस्तू हाय," मी म्हणाले, "माघारी कशाला आणू?"

गाडी हलली तवा त्यांनी खिडकीतनं हात केला. मी बी केला.

मग वाट बगणं. तिकडं बर्फ पडला की फोन लागत न्हाई, हे मला ठाऊक हाय, तरी फोन पदरात बांधून हिंडायची. धार काढताना वाजल्यासारखा वाटायचा. भांडी घासताना हात पुसून बगायची. आत्या ओटीचं खण-नारळ आणून देव्हाऱ्याखाली ठेवून बसल्या व्हत्या, त्यांच्याकडं बगवत नव्हतं. रोज ठरवायची, आज सांगून टाकू, आन् रोज गोळी देऊन माघारी यायची. पूजानं एकदा गेम लावला. खेचर तिथंच उभं व्हतं, चोरांच्या मधी. तिनं माझ्याकडं बगितलं आन् बंद केला.

एका सकाळी दूध घालून आले आन् फोन वाजला. आवाज तुटत व्हता.

"आयला गोळी दिलीस?" पयला सवाल.

"दिली."

"उशीखाली बगितलंस? कालची असंल बग तिथं."

"बगते."

"थोरलीची कास? परत सुजली न्हाई ना?"

"न्हाई."

"लीलाबाईंचा रांगेतला नंबर अजून आपल्या पुढंच हाय का?"

पंधरा वर्सांत असल्या गोष्टी ह्या माणसानं इचारल्या नव्हत्या. समदे ठीक हायत ना, एवढंच इचारायचे. मागं कुणीतरी हिंदीत ओरडत व्हतं. मग ते म्हणाले, "कागद दिला मी."

मला वाटलं, सांगू नका. आत्ता सांगू नका, आधी मला बसू द्या.

"न्हाई म्हणून दिला," ते म्हणाले. "सायेब चिडले वाईच. पण दिला. जानेवारीत येतोय."

मी काय तरी गोड बोलायला पायजे व्हतं. पण पंधरा वर्सांची सवय मेली, येतोय म्हणलं की जे तोंडात येतं तेच आलं.

"आन् जाणार कवा?"

मग ते हसले.

"रोज सकाळी," म्हणाले. "डेअरीत. दूध घालायला."

"बरं," मी म्हणाले. "ठेवते आता, चुलीवर दूध हाय, उतू जाईल."

चुलीवर काय बी नव्हतं. दूध तर मी मघाशीच घालून आले व्हते.